न थांबणारी ढोलकी

"ह्याला काही दमच नाही," बाई माझ्या कानाशी लागून पुटपुटल्या. "कुठून आणलास गं हा? बाईमाणूस नाव घेतंय, जरा थांबावं, एवढं कळत नाही मेल्याला!"

'हा' म्हणजे माझा मोबाइल. साखरेच्या रिकाम्या डब्यावर तो ठेवला होता, कारण डब्यावर ठेवला की आवाज घुमतो, हा माझा स्वतःचा शोध. त्यातून ढोलकी वाजत होती आणि खरंच थांबत नव्हती.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, तीजाबाई. विसरवाडीतल्या आमच्या महिला मंडळात गाणं त्याच उचलतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना कोणाच्या मागून गाताना ऐकलेलं नाही. त्या दुपारी आम्ही मंडळाच्या बायका दुकानामागच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. माझ्या लेकीनं, रिद्धीनं, पर्युषणात अठाई धरली होती. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. अठाई पुरी होण्याच्या संध्याकाळी घरी सांजी असते. बायका जमतात, तप करणारीला मधोमध बसवतात आणि तिच्या कौतुकाची गाणी गातात. रिद्धीची सांजी तोंडावर आली होती, आणि आमची ढोलकी वाजवणारी ममता लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला जाऊन बसली होती.

"मोबाइल आहे तो, बाई," मी म्हटलं. "माणूस नाही."

"मग मोबाइलला सांग."

"काकी, फाल्गुनीचं पारसभाऊ ऐकत नाहीत, तिथे मोबाइल काय ऐकणार?" रंजिता म्हणाली. फाल्गुनी म्हणजे मी. रंजिता समोरच्या मेडिकलवाल्यांची सून, मंडळातली सगळ्यात तोंडाळ.

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. हल्ली आमच्याकडे बरंच काही असं हसण्यावारी निघून जात होतं.

ते अ‍ॅप रिद्धीनं दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिलं होतं. "मम्मी, दुपारी गल्ल्यावर बसून माश्या मारतेस, त्यापेक्षा हे कर." उघडलं की रंगीत चौकोनांच्या ओळी दिसतात. एक ओळ ढोलकीची, एक मंजिरीची, एक टाळीची. चौकोनावर बोट ठेवलं की तो उजळतो आणि तिथे ठोका पडतो. ओळ संपली की पुन्हा पहिल्या चौकोनापासून. त्या फेऱ्याला लूप म्हणतात. अ‍ॅप सगळं इंग्रजीत, आणि माझं शिक्षण दोंडाईच्याच्या शाळेत दहावीपर्यंत. पण चौकोन दाबायला काय इंग्रजी लागतं?

मी वाजवलेली पहिली ढोलकी पिठाच्या गिरणीचा पट्टा सुटावा तशी वाजली. कारण मी सगळेच चौकोन उजळवून टाकले होते. फुकट मिळतंय तर सोडायचं कशाला, हा आमचा दुकानदारी स्वभाव. मग हळूहळू समजलं, मधले दोन-चार रिकामे सोडले की ढोलकी चालायला लागते. पुढे कळलं, त्यात आपला आवाजही भरता येतो. मी तेलाच्या डब्यावर थाप मारून ती भरली. नेमका तेव्हाच बाहेर हायवेवर ट्रकनं हॉर्न दिला, तोही आत गेला, आणि मग दर फेरीला ढोलकीच्या मागून ट्रक. रंजिता म्हणाली, "राहू दे गं, गाणं विसरवाडीचं आहे एवढं तरी कळेल." मी तो हॉर्न कापला. कापायला शिकले, जोडायला शिकले, चाल संथ करायला शिकले. थांबवून धरायला शिकायचं मात्र राहिलं होतं. तशी वेळच आली नव्हती.

सांजीचं आमचं गाणं तसं सोपं. "हरख्यो आंगणियो, हरखी पोळ," अंगण हरखलं, दार हरखलं, हे सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मग उचलणारीनं एक नाव घ्यायचं: "घेवरचंदजी री पोती तप कीनो." घेवरचंदजींच्या नातीनं तप केलं. घेवरचंदजी म्हणजे माझे सासरे, आम्ही त्यांना बापूजी म्हणतो. बाकीच्या जणी ते नाव झेलतात, पुन्हा धृपद होतं, मग पुढचं नाव. आजोबा, वडील, काका, मग आजोळची माणसं. घरातला प्रत्येक जण त्या गाण्यातून एकदा जातो, आणि जावाच लागतो. नाव सुटलं तर रुसवा वर्षभर पुरतो. मामाचं नाव काकाच्या आधी घेतलं म्हणून दोन घरांतलं जाणं-येणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. समोर कागद धरून म्हणायची आमच्यात पद्धत नाही. उचलणारीला नावं पाठ पाहिजेत. बाईंना आमचीच काय, विसरवाडी, नवापूर, खांडबाऱ्याच्या साऱ्या घरांची नावं क्रमानं पाठ. लोक त्यांना त्यासाठीच बोलावून न्यायचे.

त्या दुपारी बाईंनी "घेवरचंदजी री" उचललं. आम्ही झेललं, धृपद झालं. आता पारसचं नाव यायचं. पारस माझा नवरा, त्यांचा थोरला मुलगा. बाई थांबल्या. ढोलकी पुढे निघून गेली. बाईंनी परत सूर लावला, ढोलकी परत निघून गेली. आम्ही टाळ्या वाजवत राहिलो. मग बाई म्हणाल्या, "घेवरचंदजी री." आम्ही झेललं. त्यानंतर पुन्हा घेवरचंदजी. तेही झेललं.

"काकींना आज सगळीकडे काकाच दिसताहेत," रंजिता म्हणाली.

मग हसणं झालं. मग कोणीतरी म्हणालं, उकाडा किती आहे, तुमचा पंखा फिरत नाही वाटतं. पंखा चांगला फिरत होता.

सगळ्या गेल्यावर मी ममताला फोन लावला.

"बोला वहिनी! रिद्धी कशी शे? पानी पीस ना बराबर?"

"बरी आहे. ममता, एक सांग. बाई नाव घ्यायला थांबल्या, की तू काय करायचीस?"

तिच्या मागे बाळ रडत होतं.

"काय करसू? तठेच वाजाडत ऱ्हाऊ. नाव ये तोपावत."

"कधीपासून?"

"आते ते कोन ध्यान ठेवस, वहिनी." मग घाईघाईनं, "तुम्हना मोबाइलले थांबता येस का?"

"नाही ना."

"मंग शिकाडा त्याले," ती म्हणाली आणि बाळ रडतंय म्हणून तिनं फोन ठेवला. बाळ रडत होतं हे खरं. पण बाळ रडतंय म्हणून फोन ठेवणारी बाई ममता नव्हे.

मग माझ्या लक्षात आलं. गेल्या काही महिन्यांत ममता मध्येच रंगात यायची, एकाच जागी थापेवर थाप लावायची, आणि आम्ही "वा ममता, वा!" करायचो. ती रंगात येत नव्हती. बाईंसाठी थांबत होती.

गोष्ट गाण्यापुरती असती तर मीही उकाड्यावर घालून मोकळी झाले असते. पण त्याच आठवड्यात एका दुपारी रूपचंद पंक्चरवाला बाईंना हाताला धरून घेऊन आला. त्याचं दुकान हायवेच्या पलीकडच्या अंगाला. दिवसभर सुरतेचे नि धुळ्याचे ट्रक तिथून भन्नाट जात असतात.

"काकी फिराले उनथ्यात तिकडे," रूपचंद म्हणाला. "म्हंतं ऊन शे, सोडी येऊ."

बाईंच्या मुठीत किल्ल्यांचा जुना जुडगा होता. आमचं पहिलं दुकान रस्त्याच्या त्या बाजूला होतं. रस्ता चौपदरी झाला तेव्हा ते त्यात गेलं. बाई दुकान उघडायला निघाल्या होत्या. रूपचंदनं किल्ल्या पाहिल्या, मी पाहिल्या, आणि दोघांनी पावसाचं बोलणं काढलं. त्याला पाणी दिलं. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि बाईंचं कोपर तेव्हा कुठे सोडलं. निघताना पायरीवरून म्हणाला, "वहिनी, फाटकले कडी लायी ठेवत जा."

गावात कोणी आम्हाला यापेक्षा जास्त बोललं नाही.

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी पारसजवळ विषय काढला. "बाईंना डॉक्टरकडे नेऊ या. नंदुरबारला, नाहीतर सरळ सुरतेला."

"कशासाठी? बीपी तर ठीक आहे."

"बीपीचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं म्हणतेस?"

त्याला माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. पण त्यानं विचारलं तशी मी तराजूवरची धूळ पुसत बसले.

"पर्युषण होऊ दे," तो म्हणाला. त्याआधी त्याचं 'लग्नसराई होऊ दे' झालं होतं. सणवारांची आपल्याकडे काय कमी!

बापूजींचं तर वेगळंच. आयुष्यात कधी स्वयंपाकघराचा उंबरा न ओलांडलेला माणूस, हल्ली बाई चुलीपाशी गेल्या की पेपर घेऊन तिथल्या स्टुलावर जाऊन बसायचा. म्हणायचे, इथे उजेड चांगला येतो. गॅस बंद झाल्याचा खटका ऐकला की पेपरची घडी घालून उठायचे. मी एकदा तो पेपर पाहिला, आदल्या दिवशीचा होता.

रिद्धी सुरतेला शिकते, त्यामुळे ह्या सगळ्यात ती नवीन. पाचव्या दिवशी तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होते, तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, दादी मला केसर का म्हणते?"

केसर बापूजींची बहीण. रिद्धी जन्मायच्या आधीच गेलेली.

"तुझा चेहरा केसरभुवासारखा आहे."

"कालपर्यंत तर तुझ्यासारखा होता."

"जास्त बोलू नकोस, थकशील," म्हटलं आणि पाणी उकळायला उठले. उकळलेलं पाणी भरपूर होतं.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. मोबाइल घेऊन बसले.

बाईंची सकाळ चांगली जाते. सामायिक, म्हणजे सकाळचं ध्यान, करून उठल्या की डोळे लख्ख असतात, माणसं ओळखतात, मोलकरणीला ओरडतातसुद्धा. अशा एका सकाळी त्या परात घेऊन मूग निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, मोबाइल पदराखाली ठेवला आणि लाल टिंब दाबलं.

"बाई, सांजीचं सगळं म्हणून दाखवा ना. मला शिकायचंय."

"इतकी वर्षं काय केलंस?"

"तुमच्या मागून म्हटलं."

त्या खुशीत आल्या. निवडता निवडता सगळं गाणं म्हटलं. घेवरचंदजी आले, पारसजी आले, सुरतेचा धाकटा दीर अरिहंत आला. माझ्या माहेरची माणसंही आली, ज्यांचा क्रम मलाही धड सांगता आला नसता. आणि शेवटी माझ्याकडे बघून, "फाल्गुनी बहू री जाई तप कीनो." फाल्गुनी सुनेच्या लेकीनं तप केलं.

"माझं नाव?"

"आईचं कोणी घालत नाही," त्या म्हणाल्या. "मी घालते. आठ दिवस उपाशी पोरीच्या उशाशी कोण बसतं, काका बसतो का?"

खडा सापडला तो त्यांनी अंगणात भिरकावला. मी लाल टिंब बंद केलं. 

त्या दुपारी गल्ल्यावर बसून मी ते सगळं कापलं. परातीचा खळखळाट जमेल तेवढा काढला. एकेक नाव वेगळं केलं आणि एकेका चौकोनात ठेवलं. पारसजी निळ्या चौकोनात, अरिहंतजी पिवळ्या, मी गुलाबी. गिऱ्हाईक आलं की साबण द्यायचा, परत येऊन मामाच्या नावाचं शेपूट छाटायचं. मग ढोलकीचा आणखी एक छोटा लूप केला, ममतासारखा, एकाच जागी थापेवर थाप. मी पुढचा चौकोन दाबेपर्यंत तो तिथेच घोळत राहील. आता माझी ढोलकी थांबत होती. बाईंना नाव आठवलं तर उत्तम, नाही आठवलं तर त्यांच्याच आवाजात नाव पडेल, बायका झेलतील, गाणं पुढे जाईल. कोणाला काही सांगावं लागणार नाही.

पारसला ऐकवलं. तो उभ्यानंच ऐकत राहिला. "चांगलं झालं," म्हणाला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे इथे सांगितलं पाहिजे.

सांजीला खोली भरून गेली. रिद्धी मधोमध पाटावर, लाल चुनडीत, ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला पण डोळ्यांत एक शांतपणा. इतकी शांत मी तिला लहानपणी झोपेतसुद्धा पाहिली नव्हती. पुरुष ओटीवर होते. बापूजी मात्र दाराच्या आत खुर्ची टाकून बसले होते; कोणी काही म्हटलं नाही. मोबाइल पारसनं आणलेल्या स्पीकरला जोडला होता. मी बाईंच्या डाव्या हाताला बसले, बोट चौकोनांवर.

बाईंनी सूर लावला आणि खोली गप्प झाली. अजूनही तसा गळा आमच्यात कोणाचा नाही. "घेवरचंदजी री पोती तप कीनो." झेललं. धृपद झालं.

बाई थांबल्या. ढोलकीही थांबली, जागच्या जागी घोळत राहिली. बायकांनी टाळ्या जरा मोठ्या केल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अनोळखी घरात पाण्याचा माठ कुठे आहे हे विचारावं तसं ते पाहणं होतं. मी निळा चौकोन दाबला.

"पारसजी री लाडली तप कीनो," बाईंचा आवाज स्पीकरमधून आला.

बायकांनी तो असा झेलला, जशी काय हातातून सुटलेली बरणी. रंजितानं मला डोळ्यांनी शाबासकी दिली. पुढच्या नावाला बाईंनी तोंडच उघडलं नाही. मी पिवळा दाबला. बाई स्पीकरकडे वळल्या. हनुवटीला हात लावून ऐकायला लागल्या, मान डोलावू लागल्या. मामा झाले. मावशी झाली. मी गुलाबी दाबला. "फाल्गुनी बहू री जाई तप कीनो."

बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बींदणी," सुनेला आमच्यात असंच म्हणतात, "ही कोण बाई गं?"

 ढोलकी घोळत होती.

"गळा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण हिला आपल्या घरातली सगळी नावं कशी माहीत?"

"जोधपूरची आहे, काकी!" रंजितानं झटकन टाकलं. "मोठी गाणारी!"

दोघी-तिघी हसायला गेल्या, पण ते हसणं लागलं नाही.

"असेल," बाई म्हणाल्या. "मला नाही येत हिच्यासारखं. पुढच्या वेळी हिलाच बोलवा." मग त्यांनी स्पीकर उचलून मांडीवर घेतला, उलटा करून पाहिला, परत सरळ केला. त्याच्या जाळीशी तोंड नेऊन, कोणी शेजारीण बसली आहे अशा हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांची घेतलीस, माझं नाही घेतलंस. तीजाबाई. तीजाबाईचं पण घे ना."

मी ढोलकी बंद केली.

खोलीत फक्त हायवेचा आवाज राहिला. दारातून पारस माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको म्हणत. बापूजींनी मान खाली घातली होती. कोणीतरी पंख्याकडे पाहिलं. मांडीवर स्पीकर धरून बाई वाट बघत होत्या, आणि मला दिसलं की मी ह्यांची पुढची उत्तरंही कापून चौकोनांत ठेवू शकेन, आणि एक दिवस बाई किल्ल्या घेऊन रस्ता ओलांडत असतील आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत असू.

मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

"बाई, ह्या तुम्हीच आहात. हा तुमचा आवाज आहे. आपलं नाव तुम्ही कधी घालत नाही, म्हणून ते नाही त्यात." त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "तुम्हाला आता आठवत नाही, बाई. नावं आठवत नाहीत, रस्ता आठवत नाही. आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."